शाल-श्रीफळ द्या, पण पेशंटचं पुढे काय झालं तेही सांगा

मागच्या अंकात मी जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या की ८ जुलैला आंतरराष्ट्रीय पॅरामेडिक दिन, म्हणजे ॲम्ब्युलन्सवर उपचार करणाऱ्यांचा दिवस असतो. दोमिनिक लारे नावाचा नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन होता, त्याचा जन्म ८ जुलै १७६६ चा. लढाई चालू असतानाच जखमींना उचलून आणणाऱ्या घोडागाड्या त्यानं काढल्या, म्हणून तो दिवस. आणि विचारलं होतं की तुमच्या गावात ॲम्ब्युलन्सवर, कॅज्युअल्टीत रात्रंदिवस राबणाऱ्या माणसांचं कौतुक तुम्ही कसं करता. वाटलं होतं पाच-सहा पत्रं येतील, पण ढीगच आला. काही पत्रं वाचताना रडले, एक वाचून दोन दिवस झोप नीट लागली नाही, तेही खाली घेतलंय. नवीन वाचकांसाठी सांगते, मी बीएएमएस डॉक्टर, साडेपाच वर्षं सोलापूर जिल्ह्यात १०८ च्या गाडीवर होते, त्यामुळे जे सांगतेय ते गाडीच्या मागच्या सीटवरून सांगतेय.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर ताई, आमचं गणेश मंडळ आहे, कऱ्हाडजवळ. यंदा डीजेचा खर्च वाचवून १०८ च्या लोकांचा जाहीर सत्कार करायचं ठरलंय, पाच जणांना शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. पण निवड कशी करायची? डॉक्टरांनाच बोलवायचं की ड्रायव्हरला पण? आणि आमदार साहेबांच्या हस्ते ठेवलं तर चालेल ना?

उत्तर : दादा, आधी तुमच्या मंडळाला मनापासून धन्यवाद, डीजे कमी करून हे करताय हे फार मोठं काम आहे.

ड्रायव्हरला बोलवायचं का असं विचारलंत म्हणून पहिल्यांदा तेच सांगते. १०८ वर त्यांना आम्ही पायलट म्हणतो आणि गाडीत माणसं दोनच असतात, एक डॉक्टर आणि एक पायलट, तिसरं कुणी नाही. पेशंट तिसऱ्या मजल्यावर असला तर स्ट्रेचर उचलणारा पायलटच, शेतात असला तर चिखलातून झोळी धरणारा पायलटच, आणि मी मागे सीपीआर देत असताना, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबत असताना, गाडी एकदाही गचका न देता पळवणारा पण तोच. मी ज्यांच्याबरोबर सगळ्यात जास्त ड्युट्या केल्या ते पायलट रात्री अडीच वाजता वस्तीवरचा रस्ता नुसत्या विहिरीच्या आणि आंब्याच्या खुणेवर शोधायचे. डॉक्टरचा सत्कार करून पायलटला खाली खुर्चीवर बसवू नका, जोडीनंच बोलवा, एकाच वेळी स्टेजवर घ्या.

निवड करताना "सगळ्यात जास्त केसेस कुणी केल्या" असं आकड्यावर जाऊ नका. हायवेवरच्या गाडीला केसेस जास्त येणारच, डोंगराकडच्या गाडीला कमी येतात पण एकेका केसला तीन-तीन तास जातात. त्यापेक्षा गावागावात विचारा. ग्रामीण रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीतल्या सिस्टरना विचारा, कारण कोण पेशंटला कसं आणतं हे त्यांच्याएवढं कुणालाच माहीत नसतं. कोण येतानाच सलाईन लावून, ऑक्सिजन चालू करून, फोनवर आधी कळवून येतो आणि कोण नुसतं आणून टाकतो, ते त्या एका वाक्यात सांगतील. आणि त्या सिस्टर, तो वॉर्डबॉय, रक्तानं भरलेली गाडी नि कॅज्युअल्टी धुणारी मावशी, यांच्यातलं पण कुणीतरी तुमच्या पाचात असू द्या.

आता वेळ. ड्युटी बारा तासांची असते आणि ड्युटीवर असलेल्याला गाडी सोडून कुठं जाता येत नाही. संध्याकाळी सातला बोलवून पाहुण्यांची वाट बघत साडेदहापर्यंत बसवलंत तर एकतर तो बिचारा झोप मोडून आलेला असेल किंवा मध्येच कॉल आला म्हणून शाल न घेता पळेल. माझ्या बाबतीत असं एकदा झालंय, नाव पुकारलं तेव्हा आम्ही पंधरा किलोमीटर लांब एका ट्रॅक्टरखालून माणूस काढत होतो. म्हणून आमदार साहेबांना जरूर बोलवा, पण त्यांनाच बेसवर घेऊन जा, म्हणजे जिथं गाडी उभी असते तिथं, ड्युटी बदलायच्या वेळेला. तेव्हा दिवसपाळीचे आणि रातपाळीचे दोघंही भेटतात, दहा मिनिटांत कार्यक्रम होतो. आणि अजून एक फायदा, साहेबांना बेस कसा आहे ते डोळ्यांनी दिसतं.

ते का महत्त्वाचं ते सांगते. कित्येक बेसवर बसायला धड खोली नसते, गाडीतच झोपायचं, पाणी बाहेरून आणायचं, आणि बाईमाणसानं रात्री बाथरूमला कुठं जायचं हा प्रश्न. माझ्या एका बेसवर संडासाला कुलूप आणि किल्ली ज्याच्याकडं तो संध्याकाळी पाचला घरी जायचा. मी रात्रपाळीला पाणी कमी प्यायचे, उन्हाळ्यात सुद्धा, सोलापूरच्या उन्हाळ्यात. दोन वेळा युरीन इन्फेक्शन झालं. तुमच्या मंडळानं मध्ये पडून एका बेसवर एक स्वच्छ खोली, एक पंखा, पाण्याचा जार आणि किल्ली हातात असलेला संडास एवढं करून दिलं ना, तर मी म्हणेन की महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा सत्कार तुमच्या गावात झाला. सन्मानचिन्हाऐवजी चांगला टॉर्च, रेनकोट, थर्मास द्या, रोज वापरात येतं.

आणि शेवटचं, पण माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठं. सन्मानपत्रावर "आपण केलेल्या अतुलनीय कार्याबद्दल" असं छापून आणू नका. काय केलं ते लिहा. अमुक तारखेला, अमुक घाटात, मोटरसायकलवरून पडलेल्या मुलाची मान न हलवता त्याला बाहेर काढलंत आणि तो आज कॉलेजला जातोय. असं. पेशंटचं नाव, फोटो मात्र त्याला विचारल्याशिवाय कुठंही नको. पण तो बरा असेल आणि यायला तयार असेल तर त्याला आणा. आम्ही पेशंटला कॅज्युअल्टीत सोडतो, हँडओव्हर देतो, स्ट्रेचर पुसतो आणि पुढच्या कॉलला निघतो, त्याचं पुढे काय झालं हे आम्हाला शंभरातल्या नव्वद वेळा कधीच कळत नाही. जगला का, घरी गेला का, चालतो का. शाल कपाटात जाते, पण "तो मुलगा कॉलेजला जातोय" हे वाक्य माणूस पुढची दहा वर्षं बरोबर घेऊन फिरतो.

प्रश्न : माझ्या वडिलांना पहाटे चारला हार्ट अटॅक आला. १०८ ला फोन केला, गाडी आली, एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या, त्यांनी गोळी चावायला दिली, ईसीजी काढला, आणि जवळच्या दवाखान्यात न नेता सरळ अँजिओप्लास्टी होते तिथं नेलं. वडील आता ठणठणीत आहेत. त्या मॅडमचं नाव पण विचारायचं राहिलं हो. पैसे द्यायला गेलो तर घेतले नाहीत. आता त्यांना कसं शोधू?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला त्या मॅडमपेक्षा जास्त आनंद झाला असेल. पैसे घेतले नाहीत ते बरोबरच केलं, १०८ ची सेवा पूर्ण मोफत आहे, पुढे पण कधी देऊ नका, दिलेत की पुढच्या गरीब पेशंटकडून कुणीतरी अपेक्षा करायला लागतं.

शोधणं अवघड नाही. ज्या मोबाइलवरून फोन केलात तो नंबर, तारीख, वेळ आणि कुठल्या हॉस्पिटलला सोडलं, एवढं पुरतं. राज्यभरातले कॉल पुण्याला औंधच्या कंट्रोल रूममध्ये जातात, प्रत्येक कॉलची नोंद असते. परत १०८ लाच फोन करून नाव विचारत बसू नका मात्र, त्या वेळेला कुणाचा तरी खरा इमर्जन्सी कॉल वेटिंगवर असेल. जिल्ह्याला १०८ चे जिल्हा व्यवस्थापक असतात, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये चौकशी केली की पत्ता लागतो. किंवा सोप्पं म्हणजे तुमच्या भागातली गाडी ज्या ग्रामीण रुग्णालयात उभी असते तिथं जा आणि "अमुक तारखेला पहाटे ड्युटीवर कोण होतं" विचारा, पाच मिनिटांत सांगतील.

मग दोन गोष्टी करा. एक, पत्र लिहा, कागदावर, सही करून, त्यांच्या नावानं, आणि एक प्रत जिल्हा व्यवस्थापकांना, एक जिल्हा शल्यचिकित्सकांना. तक्रारीची पत्रं फाइलला भरपूर लागतात, कौतुकाचं एखादं लागलं तर कॉन्ट्रॅक्टवर असलेल्या माणसाला खरंच उपयोग होतो. दुसरं, वडिलांना घेऊन जा. बाकी काही नको, पेढे पण नाही नेलेत तरी चालेल, वडील चालत आले एवढं त्या मॅडमना बघू द्या.

प्रश्न : तुमचा लेख वाचला आणि राग आला. माझा धाकटा भाऊ गेला. ॲक्सिडेंट झाला, आम्ही १०८ ला फोन केला, गाडी यायला एक तासाच्या वर लागला. तोवर आम्ही जीपमध्ये घालून नेला पण उपयोग झाला नाही. आणि तुम्ही म्हणता सत्कार करा. कशाचा सत्कार?

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र हेच ते, ज्यानं मला झोप लागली नाही. तुमचा राग खरा आहे आणि मी तो खोडणार नाही. सत्कार करा असं मी तुम्हाला म्हणूच शकत नाही.

पण गाडी का आली नसेल ते मला माहीत असल्यामुळे सांगते, समर्थन म्हणून नाही, कारण हे सगळ्यांना कळायला हवं. २०१४ ला महाराष्ट्रात १०८ सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ ॲडव्हान्स्ड, म्हणजे व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या, आणि ७०४ बेसिक. राज्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सव्वाअकरा कोटी. भागाकार करून बघा, साधारण एक लाख वीस हजार माणसांमागे एक गाडी. आणि ती एक गाडी पण तुमच्या गावाजवळ उभीच असते असं नाही. ग्रामीण रुग्णालयात सोय नसली की पेशंट सिव्हिलला रेफर होतो, त्याला घेऊन आमचीच गाडी साठ-सत्तर किलोमीटर जाते, तिथं बेड मिळेपर्यंत स्ट्रेचर अडकून पडतं, मग परत यायचं. त्या चार तासांत तुमच्या फाट्यावर ॲक्सिडेंट झाला तर पुढच्या तालुक्याची गाडी निघते. म्हणजे एक तास. गाडीतले लोक त्या तासात झोपलेले नसतात हो, ते कुठंतरी दुसऱ्याच्या भावाला घेऊन धावत असतात, आणि उशिरा पोचल्यावर लोकांच्या शिव्या, कधी कधी मार पण तेच खातात. मी खाल्लाय. एका वस्तीवर आम्ही पोचेपर्यंत आजोबा गेलेले होते, त्यांच्या नातवानं माझ्या पायलटची कॉलर धरली आणि नंतर त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडला.

तुम्ही एक करा असं सुचवते, जमेल तेव्हा. कॉल किती वाजता केला, गाडी किती वाजता आली, ती कुठल्या बेसवरून आली, हे लेखी मागा. तुमच्या फोनमध्ये कॉलची वेळ असेल, ती जपून ठेवा. ग्रामसभेत ठराव करून त्या रस्त्यावर जवळचा बेस मागा. गाड्या वाढाव्यात, बेस वाढावेत ही मागणी आतून आम्ही करतो तेव्हा कुणी ऐकत नाही, तुमच्यासारख्यानं केली तर ऐकावं लागतं.

आणि जीपमध्ये घालून नेलात यात तुमची काही चूक झाली असं मनात आणू नका. गाडी येत नसेल तर नेणं बरोबर होतं.

बाकीच्या वाचकांसाठी इथंच सांगून ठेवते. फोन करताना पहिल्यांदा ठिकाण सांगा, गाव, फाटा, कुठल्या मंदिराजवळ, कुठल्या कारखान्याच्या अलीकडे. फोन लाइन मोकळी ठेवा, पायलट परत फोन करतो. रात्र असेल तर एक माणूस मोबाइलची बॅटरी लावून मेन रोडला उभा करा. वस्त्यांवर या एका गोष्टीनं दहा-दहा मिनिटं वाचलेली मी बघितलीत.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. इमर्जन्सी सेवेतल्या लोकांना सरकारी पातळीवर काही मोठे पुरस्कार मिळालेत का? फक्त डॉक्टरांनाच मिळतात असं वाटतं.

उत्तर : मिळालेत, आणि फक्त डॉक्टरांना नाही, पण तुझं निरीक्षण बऱ्यापैकी खरं आहे.

डॉक्टरांचंच आधी सांगते कारण ते आपल्या मातीतलं आहे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर. रायगडात लाल विंचू चावून माणसं, विशेषतः लहान मुलं मरायची, शंभरातली चाळीस. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असल्यापासून ते एकेका पेशंटच्या उशाशी बसून नोंदी ठेवायचे, त्यातून प्राझोसिन हे ब्लडप्रेशरचं औषध वेळेत दिलं तर पेशंट वाचतो हे त्यांनी दाखवलं, आणि मृत्यूचं प्रमाण एक टक्क्यापर्यंत आलं. २०२२ ला पद्मश्री. आमच्या कोकणातल्या मित्रमैत्रिणींनी १०८ वर ही गोळी देऊन किती पोरं वाचवली असतील त्याची गणतीच नाही.

दुसरं नाव करीमुल हक, पश्चिम बंगालच्या जलपायगुडीचे. चहाच्या मळ्यातले मजूर. आईला वेळेवर दवाखान्यात नेता आलं नाही, ती गेली, पुढे ते स्वतःच्या मोटरसायकलवर पेशंट न्यायला लागले, "ॲम्ब्युलन्स दादा" म्हणतात त्यांना. २०१७ ची पद्मश्री. डिग्री नाही, पद नाही, तरी मिळाली.

नर्सेससाठी राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार आहे, १९७३ पासून, त्यात एएनएम, म्हणजे गावातल्या उपकेंद्राच्या नर्स ताई सुद्धा येतात. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या देशातल्या दहा लाखांवर आशा ताईंना एकत्रच ग्लोबल हेल्थ लीडर्स अवॉर्ड दिला. गावात रात्री बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या की १०८ किंवा १०२ ला (गरोदर बायकांसाठीच्या गाडीला) फोन करणारी बहुतेक वेळा आशा ताईच असते, आणि गाडीत बाईचा हात धरून बसणारी पण.

अंजली कुलथे सिस्टरांचं नाव मात्र अभ्यासक्रमात असो नसो, लक्षात ठेव. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा हॉस्पिटलमध्ये ड्युटीवर होत्या, वॉर्डात वीस गरोदर बायका. खाली गोळीबार दिसल्यावर त्यांनी वॉर्डाचे दरवाजे लावून घेतले, सगळ्यांना पॅन्ट्रीच्या छोट्या खोलीत नेलं, आणि त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्यावर भिंतीला चिकटून चिकटून तिला लेबर रूममध्ये पोचवलं. नंतर कोर्टात कसाबला ओळखलं, तेही स्वतःचा नर्सचा युनिफॉर्म घालून जाऊन. २०२२ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर त्या बोलल्या.

पण ॲम्ब्युलन्सवरच्या टेक्निशियनला, पायलटला असं घराघरात माहीत असलेलं काही नाही, ते व्हायला हवं असं मला फार वाटतं. निदान २०२१ च्या कायद्यानं, म्हणजे अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा जो राष्ट्रीय आयोग आला त्यात, इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट हा व्यवसाय म्हणून नोंदला गेलाय. आपल्याकडं इमर्जन्सी मेडिसिन ही डॉक्टरांची वेगळी शाखा म्हणून मान्य झाली ती सुद्धा २००९ मध्ये. म्हणजे आत्ता कुठं सुरुवात आहे.

प्रश्न : मी रिक्षा चालवतो, नाशिक. आजवर चार-पाच ॲक्सिडेंटवाले उचलून दवाखान्यात नेलेत. घरचे म्हणतात पोलिसांच्या लफड्यात पडू नको. आमच्यासारख्याचा कोण सत्कार करणार ताई, पण त्रास तरी होणार नाही ना?

उत्तर : दादा, त्रास होता कामा नये, कायदाच आहे तसा. सुप्रीम कोर्टानं २०१६ ला ठरवून दिलं आणि २०१९ ला मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं, मदत करणाऱ्यावर केस होत नाही, नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही, दवाखान्यात सोडून निघून जाता येतं. पैसे भरा असं तुम्हाला म्हणता येत नाही.

आणि सत्काराचं म्हणाल तर सरकारची योजना पण आहे. अपघातातल्या गंभीर जखमीला गोल्डन अवरमध्ये, म्हणजे पहिल्या तासात दवाखान्यात पोचवून जीव वाचवणाऱ्याला २०२१ पासून पाच हजार रुपये होते, २०२५ ला ते पंचवीस हजार केले, "राह-वीर" म्हणतात. त्यासाठी मात्र नाव द्यावं लागेल, तेवढं तुम्ही ठरवा.

फक्त एक, उचलताना मान आणि पाठ सरळ राहील असं बघा, दोघा-तिघांनी मिळून उचला, रिक्षात मुडपून बसवू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि सारखं सारखं उघडून बघू नका. चार-पाच माणसं उचललीत म्हणता, मी तुम्हाला इथूनच नमस्कार करते.

लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, महाबळेश्वर ट्रेकर्स, ही पण अशीच स्वतःचं काम सोडून दरीत उतरणारी मुलं. २०१८ च्या जुलैत आंबेनळी घाटात दापोली कृषी विद्यापीठाची बस कोसळली, तीस माणसं गेली, तेव्हा पावसात आणि धुक्यात दोर लावून खाली उतरले ते हेच स्थानिक ट्रेकर्स. त्यांना ना पगार ना ड्युटी. कऱ्हाडच्या मंडळानं पुढच्या वर्षी यांना बोलवावं.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगा बारावीला आहे, इथल्या व्हॉलंटियर फर्स्ट एड स्क्वाडमध्ये जातो, मे महिन्यात ईएमएस वीकला (इमर्जन्सी सेवेतल्या लोकांच्या आठवड्याला) त्यांचा टाउनशिपनं सत्कार केला. आम्हाला अभिमान आहे पण काळजी पण वाटते, परवा तो एका कार्डियाक अरेस्टवरून आला आणि जेवलाच नाही. काही बोलत पण नाही. काय करू?

उत्तर : ताई, तुमच्याकडचा तो आठवडा १९७४ ला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या काळात सुरू झाला, आणि गावातल्या लोकांनीच गाव सांभाळायचं ही तिथली स्क्वाडची पद्धत मला फार आवडते. पोराचं कौतुक सांगा माझ्याकडून.

पण जेवला नाही म्हणून रागावू नका आणि "सोड ते सगळं, अभ्यास कर" असं तर अजिबात म्हणू नका. पहिला पेशंट हातात गेला की असंच होतं, मला तीन दिवस हाताला त्या आजींच्या बरगडीचा कट्ट आवाज जाणवत होता. सीपीआर बरोबर दिला तरी बरगड्या मोडू शकतात हे शिकवलेलं असतं पण हाताला माहीत नसतं. त्याला विचारा "काय झालं" आणि मग गप्प बसून ऐका. वरणभात पुढे ठेवा, टीव्ही बंद करा. स्क्वाडमधल्या सीनियरशी तो बोलतोय का बघा, त्या लोकांकडं यासाठी सोय असते. आणि जमलं तर त्याच्या कॅप्टनला विनंती करा की पेशंटचं पुढे काय झालं ते जेवढं सांगता येण्यासारखं असेल तेवढं त्याला सांगा. मनात अर्धवट राहिलेलं जास्त छळतं. दोन आठवड्यांनी पण झोप, जेवण जागेवर आलं नाही तर मात्र वाट न बघता काउन्सेलरला दाखवा.

प्रश्न : डॉक्टर ताई, तुमचा कधी सत्कार झाला का हो? आवडला का?

उत्तर : दोनदा झाला. एकदा आषाढी वारीच्या नंतर, तेव्हा पालखी मार्गावर आम्ही सलग ड्युट्या केल्या होत्या, पायाला फोड आलेल्यांपासून ते उष्माघात आणि अटॅकपर्यंत, ते प्रमाणपत्र आईनं फ्रेम करून लावलंय. दुसऱ्या वेळचा तो वर सांगितलेला, ट्रॅक्टरच्या कॉलमुळे हुकलेला.

पण मला विचाराल तर खरा सत्कार तिसराच. एका रात्री आम्ही मण्यार चावलेला ऊसतोड कामगार आणला होता. मण्यार चावली की दुखत नाही, सूज नाही, झोपेतच चावते, माणूस पहाटे उठतो तो पोटात दुखतंय म्हणत, मग पापण्या जड, मग बोलणं जड, मग श्वास. आमची गाडी बेसिक, व्हेंटिलेटर नाही. चाळीस किलोमीटर मी अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, दाबत नेला, हात बदलत बदलत, त्याची बायको शेजारी बसून मोठ्यानं माझ्याबरोबर आकडे मोजत होती. सिव्हिलला सोडला आणि लगेच दुसरा कॉल, त्या रात्री तीन झाले. दुसऱ्या पेशंटच्या पायाला मी स्प्लिंट, म्हणजे पाय हलू नये म्हणून आधाराची पट्टी, लावला होता आणि घरी आल्यावर मला सारखं वाटत राहिलं की तो घट्ट बांधला गेला, त्याचा पाय जाणार. आठ दिवस तेच डोक्यात.

नवव्या दिवशी परत पेशंट घेऊन गेले तर तिथल्या कॅज्युअल्टीच्या एका सिस्टरनी ड्रॉवरमधून केस पेपरचा मागचा कोरा तुकडा काढून दिला. त्यावर निळ्या पेननं तीन ओळी लिहिलेल्या. मण्यार, व्हेंटिलेटरवर सहा दिवस, नळी काढली, काल चहा प्यायला. पायवाला, ऑपरेशन झालं, पाय ठीक. तिसरा गेला, त्याच पहाटे, मेंदूत रक्तस्राव, कुणाला काही करता आलं नसतं.

मी तो कागद हातात घेऊन स्ट्रेचरवरच बसले. तिसऱ्याचं वाचून पण हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग त्या सिस्टरनी एक दोनशे पानी वहीच केली, कव्हरवर "१०८" लिहिलेली, नावं नाहीत, नुसती तारीख, गाडीचा नंबर आणि पुढे काय झालं. वेळ मिळेल तसं त्या लिहायच्या, त्या नसल्या की दुसऱ्या सिस्टर लिहायच्या, आणि आमचे सगळ्या गाड्यांचे पायलट पेशंट उतरवला की आधी जाऊन ती वही उघडायचे. मी नोकरी सोडली तेव्हा तिसरी वही चालू होती.